पावती क्रमांक एकशे अठरा

त्या मे महिन्यात माझ्याकडे
नगरपालिकेचं पावतीपुस्तक होतं, एक शिट्टी,
आणि तीन महिन्यांची तात्पुरती नेमणूक.
अमळनेरात, बोरीच्या कोरड्या पात्राकडेला,
सकाळी सहा ते नऊ बाजार.
चुन्याचे चौकोन आखलेले.
ते आठपर्यंत टोपल्यांनी, चपलांनी पुसून जायचे,
आणि मग ऊन असं
की चुना कुठला नि जमीन कुठली, कळू नये.

लोटन मिस्तरी जळालेल्या मोटारी भरून द्यायचा.
दुकान बंद झालं, हात बंद होईनात.
पहिल्या दिवशी आला तो ठिबकच्या नळीचं कडं घालून,
खांद्यावरून सुतळीचे चार पट्टे,
कड्याला पोळ्याची घुंगरं.
कुणी जवळ आलं की छन्न.
गवारीकडे वळला तर मिरच्यांची टोपली वाजली,
निंबाबाईचा तराजू वाजला.
एक कुत्रं तेवढं खालून आत शिरलं
आणि ऐन मध्यावर, त्याच्या सावलीत, बसलं.
कुत्र्याबद्दल परिपत्रकात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी छत्री. कापड काढलेली,
काड्यांना औषधाच्या बाटल्या टांगलेल्या,
बुडाला भोकं, आत रांगोळी.
तो जागच्या जागी गरकन फिरला
आणि आमच्या वाकड्यातिकड्या बाजारात
पहिल्यांदाच काहीतरी गोल उमटलं.
"रोगले डोया नहीत," तो म्हणाला, "आपले तं शेतस ना!"

बघायला माणसं जमली.
इतकी जमली, पाटीला पाटी, कोपराला कोपर,
की अंतर दाखवायला अंतर उरलं नाही.
साहेबांची गाडी थांबली. काच अर्धी खाली आली.
मी पावती फाडली :
गर्दी जमवणे, रुपये दोनशे.
लोटननं एक बांबू पुढे केला,
टोकाला कपडे वाळत घालायचा चिमटा, चिमट्यात नोट.
मी नोट काढली, पावती लावली.
लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसलो, मास्कच्या आत,
तिथे हसायला कुणाची सही लागत नव्हती.

सुपडाबाई बाजार झाडायची, नऊनंतर.
तिच्यासाठीही त्यानं एक कडं करून आणलं,
घुंगरं संपली होती म्हणून बाटल्यांची झाकणं लावून.
ती खराटा टेकून बघत राहिली.
"आमले कसाले रे हाई?
आमना आजाले बी लोक
इतलाच दूर उभा करेत."
रागानं नाही. वजन सांगावं तसं.
आणि रांगोळीचं ते वर्तुळ
बाकीच्या कचऱ्याबरोबर झाडून घेतलं.

तीन दिवस लोटन आला नाही.
मला वाटलं, ताप.

चौथ्या दिवशी आला तेव्हा कमरेला काही नव्हतं.
हातात नळीचं वेटोळं,
दोन्ही टोकांना रॉकेलची जुनी नरसाळी.
एक त्यानं सुपडाबाईकडे फेकलं,
एक स्वतःच्या कानाला लावलं.
ती काय बोलली मला ऐकू आलं नाही.
बराच वेळ बोलली.
मधेच त्यानं नळी झटकली,
आत एखादा शब्द अडकल्यासारखी.
मग नरसाळं तोंडाशी नेऊन तो एवढंसं काही म्हणाला,
आणि ती हसली,
हातातला खराटा पडेपर्यंत.

नळीतून वाराही जातो, हे मला कळत होतं.
पण पावलांनी मोजलं तर
सहा फुटांवर चांगलं वीतभर भरलं असतं.
शिट्टी तोंडात होती. तशीच राहू दिली.

नेमणूक संपली तेव्हा पुस्तक जमा केलं,
एकशे अठराची कार्बनप्रत तेवढी खिशात राहिली.
ती आता फिकटलीय. रक्कम गेली, तारीख गेली.
कारणाच्या ओळीत पहिला शब्द दिसत नाही,
नुसतं
"जमवणे"
वाचता येतं.