उजव्या स्टिअरिंगची डेलिका

उश्गुलीच्या अलीकडे, तिसऱ्या पुलापाशी
तिनं आधी पांढरी वाफ सोडली,
मग एक आवाज केला.
मुर्मान म्हणतो, रिकाम्या पातेल्यात चमचा पडावा तसा.
चार पोलिश पोरं पाठीला बोचकी लावून उतरली
आणि पुरते पैसे देऊन चालत पुढे गेली.
ते पुरते पैसेच त्याला जास्त लागले.

जुम्बेरनं हेड उतरवून बाकावर ठेवलं.
दोन व्हॉल्व्हच्या मधे केसाएवढी चीर.
दिसतेय?
मला दिसली नाही. मी मान हलवली.
नवं हेड, म्हणजे जपानहून पोती बंदरात उतरणारं जुनंच,
गॅस्केट, पंप, त्याची मजुरी:
चार हजार सहाशे लारी.
झुगदिदीचा ग्वाजी आहे तशी न्यायला तयार:
तीन हजार आठशे.
पिठाच्या पिशवीमागे मी दोन्ही आकडे लिहिले, एकाखाली एक,
आणि खाली रेघ ओढून
बेरीज करायची की वजाबाकी
ते काही केल्या सुचेना.

चार आण्याची कोंबडी, मला कळतं.
घरात हिशेब मीच ठेवते.
ऑक्टोबर लागलाय, पाहुणे संपले,
आता बर्फात ती वसंतापर्यंत नुसती उभी राहणार,
आणि उन्हाळ्यात पुन्हा काय फुटेल
याची हमी जुम्बेर देत नाही, देवही देत नाही.
रस्ता सिमेंटचा होत चाललाय;
पुढच्या साली लोक आपापल्या गाड्यांनी वर येतील.
विकून टाक, मी स्वच्छ म्हणाले.
मुर्माननं पाव मोडला. खाल्ला नाही.

त्याचं म्हणणं असं काही नसतंच.
तो नुसत्या आठवणी काढतो, त्याही चुकीच्या.
नातिया बोगद्यात जन्मली म्हणतो.
बोगदा संपल्यावर जन्मली. मी होते ना तिथे.
मागच्या दारावरचा पोचा गाईनं केला म्हणतो.
तो यानंच केला, भावाच्या लग्नातून परतताना;
गाय नंतर येऊन उभी राहिली.

डॅशबोर्डवर एक जपानी चिठ्ठी चिकटवलेली आहे.
अकरा वर्षं आम्हाला वाटायचं, काहीतरी मंगल असणार.
सासूबाई चढताना तिच्याकडे बघून क्रूस करायच्या.
मग क्योटोच्या एका म्हाताऱ्या बाईनं वाचून सांगितलं:
मुलांनी खिडकीबाहेर हात काढू नयेत.
सासूबाई त्यानंतरही क्रूस करत राहिल्या.
मुलांसाठीच आहे ना, म्हणाल्या, मग झालं.

शनिवारी ग्वाजी ट्रक घेऊन आला.
बॉनेट उघडलं तर आत आमची मांजर झोपलेली.
टायरला लाथ मारून झाली, सीटखाली वाकून झालं,
मग पोच्यावर तळहात फिरवत म्हणाला,
याचे दोनशे कमी.
आठवडाभर ओठ न उघडलेला मुर्मान
एकदम उसळला:
पोच्याचे पैसे कापणारा तू कोण?
मला वाटलं, फिसकटलं.
खरं सांगते, जरा बरं वाटलं.
पण मग दोघे अराकची बाटली घेऊन पायरीवर बसले
आणि दुसऱ्या ग्लासाला शंभरावर तुटलं.

तीन हजार सातशे.
मी मोजले, दोनदा.
मधली सीट ग्वाजीला नको होती,
ती ओसरीवर ठेवलीय, पट्ट्यांसकट.
नातिया तिच्यावर अभ्यास करते
पट्टा लावून.

ट्रकवर चढवल्यावर त्यानं विचारलं, दुसरी किल्ली?
हरवली, मी म्हणाले.
मुर्माननं माझ्याकडे पाहिलं,
मग लगेच ट्रककडे.

पिठाच्या डब्यात आहे.
रोज पीठ काढताना बोटांना लागते
आणि मी तिला
अजून थोडी खाली सारते.