छाट

ते सांगून यायचं नाही.
मांडीवर सूप, सुपात पानं,
दोरा दातात, आणि मध्येच
ठोक्यावर ठोका चढायचा.
गळ्याची शीर उडताना बघून
पलीकडची कोंडाबाई म्हणायची, आलं वाटतं तुझं.
तोंडावर पाणी मारायचं, श्वास कोंडायचा.
पंधरा मिनिटं, कधी दोन तास.
मग खट्.

दवाखान्यात पोचेपर्यंत गेलेलंच असायचं.
पट्टी निघायची सरळ.
सासू मंगळवारी लिंबू उतरवायची.
नरसय्या साच्यांवरचा जॉबर, तो एकटाच म्हणाला,
मशीनची खोड अशीच, मिस्त्री आला की लपते.

मग एकदा इरफानने अशोक चौकाचा सिग्नल तोडून
रिक्षा अशी पळवली, की सापडलं कागदावर:
एकशे शहाण्णव.

बाहेर एप्रिल, त्रेचाळीस डिग्री,
आत मी दोन चादरींखाली कुडकुडत.
जांघेत सुई. तारा शिरेतून वर गेल्या, कळलंही नाही.
डॉक्टर म्हणाले, आता आम्ही मुद्दाम आणणार, घाबरू नका.
मुद्दाम!
बारा वर्षं नवस बोलून ज्याला थोपवलं
त्याला हे लोक हाका मारत होते.
आणि आलं की ते. एका हाकेत. निर्लज्ज.
काचेपलीकडे कुणीतरी म्हणालं, सापडली वाट.
जन्मापासूनची, जास्तीची, केसाएवढी,
तिच्यावरून ठोका गोल गोल फिरायचा म्हणे.
तिथंच टोक टेकवलं. साठ सेकंद.
छातीत कोमट काहीतरी.
खट्.

म्हणाले, अर्धा तास थांबू, परत येतं का बघू.
अर्धा तास म्हणजे माझ्या हाताच्या पन्नास विड्या.
मनातच वळायला घेतल्या.
पान, तंबाखू, तोंड दुमडलं, दोरा.
अठ्ठेचाळिसाव्या विडीला हाक मारली त्यांनी.
आलं नाही.
परत मारली. आलं नाही.
खोटं कशाला सांगू, जरा वाईट वाटलं त्याचं.

कारखान्यात रोज माझी छाट निघते,
ही सैल, ही आखूड,
मोडून टाकतात समोर, मजुरी कापतात.
आज आतली एक निघाली,
जागच्या जागी जाळली,
अन् कुणी काही कापलं नाही.

रात्री पाय सरळ ठेवून पडले होते.
नरसय्या स्टुलावर, बोटं माझ्या मनगटावर,
चालत्या साच्यावर ठेवतो तशी.
विचारलं, नीट चालतंय का?
बोलू नको, म्हणाला, चुकलो बघ.
आणि परत पहिल्यापासून,
ओकटी, रेंडू, मूडू.