शेवटची चार बोटं

रोहिदास, पाना ठेव खाली.
टायर अजून बसला नाही आणि तुला चाक चढवायची घाई.
आधी टायरच्या आतून बोट फिरव, सबंध गोल,
हलक्या हाताने, नाहीतर रक्त काढशील.
काटा आतच राहिला तर
नव्या ट्यूबचं काय कौतुक?
परवा मखमलाबादच्या एकाच्या टायरातून
द्राक्षमांडवाची तार निघाली, नखाएवढी.
तीन दुकानांत तीन पंक्चरं काढून आला होता बिचारा.
तिघांनीही ट्यूब बघितली.

रिमची पट्टी बघ. आरीचं टोक डोकावतंय?
मग पट्टी नवी.
आता ट्यूबमध्ये दोन दम हवा,
फुगवायची नाही,
गोल असल्याचं तिला आठवावं, एवढीच.
व्हॉल सरळ. बाण पुढच्या दिशेला.
व्हॉलच्या समोरून सुरुवात कर, व्हॉलपाशी संपव.

आणि शेवटची चार बोटं.
कड तिथे अडून बसते
शालिमारच्या रिक्षावाल्यासारखी, येणार नाही म्हणजे नाही.
तिथे लिव्हर घालायचा मोह होतो. मलाही होतो.
पण लोखंडाला ट्यूब कळत नाही.
अंगठे लाव. दुखतील.
पलीकडची कड रिमच्या खोलगट भागात ढकल,
तिथली ढील इकडे येते.
ढील कुठेतरी असतेच रे,
सरकवत सरकवत आणावी लागते.

पंपाच्या वर सुतळीला टांगलंय ते
तू रोज सकाळी हात जोडतोस त्याला, मी बघते.
देव नाही तो.
नट आहे.

गायधनी नावाचे एक होते, नोटप्रेसला, रात्रपाळी.
त्र्यंबक नाक्यावर तेव्हा मी नवी होते,
बाईच्या हातची सायकल म्हणून
लोक ब्रेक दोनदा दाबून बघायचे.
ते बघत नसत.
पुढचं चाक बसवलं, नट हाताने फिरवले,
पाना उचलणार तोच सिलिंडरवाला आला.
त्याचे पैसे मोजले, सुटे नव्हते, शेजारून आणले.
परत आले तर सायकल उभी होती,
पुसलेली, हवा भरलेली,
पूर्ण दिसत होती.
दिली.

द्वारकेच्या पुढे, स्पीडब्रेकरवर
चाक पुढे गेलं,
ते मागे राहिले.

पंधरा दिवसांनी आले. हनुवटीला टाके,
वरचे दोन दात नाहीत.
मी गल्ला उघडला, दवाखान्याचे घ्या म्हटलं.
त्यांनी खिशातून नट काढून काउंटरवर ठेवला.
"उजेडी जाऊन शोधला," म्हणाले, "एकच सापडला.
तुमचा आहे."
आणि मागच्या चाकात हवा भरून मागितली.
शिवी दिली असती तर
एव्हाना विसरले असते.

चल, चाक घे.
सायकल उलटी नको, उभी धर,
तिच्याच वजनाने एक्सल खाचेत पार वर बसू दे.
वायसर राहिला तो बघ, तुझ्या चपलेखाली.
नट आळीपाळीने, थोडा इकडे, थोडा तिकडे,
एकदम एकच आवळलास तर चाक तिरकं होऊन बसेल.
त्या नव्या सायकलींना लिव्हर असते,
ती मिटताना तळहातावर वळ उठला पाहिजे.
उठला नाही तर मिटलीच नाही समज.
ब्रेकची तार अडकव. सोडवली तू होतीस.
फिरव चाक.
घासतंय कुठे? डोळ्यांनी नको, ऐक.

आता पुढून उचल, वीतभर,
आणि सोड.
खळकन वाजलं तर काहीतरी राहिलंय.
धप्प वाजलं तर गिऱ्हाइकाला हाक मार.

आणि मध्येच सिलिंडरवाला आला,
तर त्याला सांग, पाना हातात आहे,
थांबा.