पाचशे बत्तीसवर गुलाबी

आज सोळा नळ्या.
उकळत्या पाण्यात पाऊण तास, मग बर्फात.
पेशीच्या भिंतीतली चरबी करपली
की जे मागं उरतं, त्याला रंग चढतो.
गुलाबी.
जितकं आत करपलेलं, तितका गडद.
पाचशे बत्तीसवर यंत्र तो वाचतं
आणि मी वहीत उतरवते.

नववी नळी राजव्वा कुचन.
वय चोपन्न, राहणार विडी घरकुल,
रोजच्या आठशे विड्या, सणाआधी हजार.
सुई टोचली तेव्हा तिच्या हाताचा तंबाखूचा वास
स्पिरिटच्याही वर येत होता.
"किती काढलीस गं?
आमच्यात कट्ट्याला पंचवीस मोजून घेतात.
तू मोजलीस का?"
पाच मिली, म्हटलं.

सात महिने ती सांगत होती, पोट फुगालालंय.
भाकरी सोडली, भात धरला, मग भातही टाकला.
गल्लीतल्या दवाखान्यातून गॅसच्या गोळ्या,
जावेकडून ओवा.
लुगडं सैल नेसायला लागली.
अंडाशय ते केवढं, बदामाएवढं.
पोटात पाणी साठेपर्यंत
बदाम काही बोलत नाही.

सीए एकशे पंचवीस : सहाशे बारा.
पस्तिसाच्या आत हवा.
तिचा मुलगा खिडकीशी येऊन म्हणाला,
म्हणजे नक्की तेच ना, मॅडम?
ते डॉक्टर सांगतील, म्हटलं.
नियमच आहे तसा, पण नुसता नियमही नाही.
माझे वडील साखर पेठेत
जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे.
एकदा मी एक पुठ्ठा उजेडाला धरून विचारलं,
ह्यात मोर कुठाय?
एका पुठ्ठ्यात मोर नसतो, ते म्हणाले,
शेकड्यांनी ओवावे लागतात,
तेव्हा कुठं चादरीवर पिसारा उतरतो.
हा आकडा पाळीतही चढतो, पोटातल्या साध्या गाठीनंही.
सहाशे बारा म्हणजे बरीच भोकं, हे खरं.
तरी पुठ्ठा एकच.

अभ्यासासाठी तिची संमती घ्यायची होती.
ऑक्सिडीकरणाचा ताण कसा समजावायचा?
गंज, म्हटलं. आतून चढणारा.
ज्या हवेवर जगतो, तिचाच.
राजव्वा बराच वेळ कागदाकडं बघत बसली.
"आमचे हे म्हणायचे,
चालत्या मागाला गंज लागत नाही.
मी कुठं थांबले होते?"
आणि तेलुगूत सही केली, गोल गोल,
शेवटचं अक्षर रेघेच्या बाहेर.

निरोगी गटात एक बाई कमी पडत होती
म्हणून सोळावी नळी माझी.
तीही गुलाबी आली.
फिकी, पण गुलाबीच.
कोरी नळी सोडली तर शून्य कुणाचंच येत नाही.
नळी धुताना मी ती
जरा जास्तच वेळ धुतली.

सहावी केमो झाली. आकडा बावीस.
मुलानं सगळ्या लॅबला पेढे वाटले.
राजव्वा बाकावर बसून राहिली, डोक्याला टॉवेल,
आमच्याच सोलापुरी, निळ्या काठाचा.
मला जवळ बोलावलं,
पिशवीतून कापलेलं पान काढलं, चिमूटभर तंबाखू.
"बघ."
वळलं. उलगडलं.
पुन्हा वळलं, दात ओठात धरून. पुन्हा उलगडलं.
"पान कळत नाही गं.
ओलं का कोरडं, कळतच नाही.
बोटं कुणा दुसऱ्याची लावल्यागत."
मग थोड्या वेळानं,
"ह्याचा बी आकडा असतो का?"

मी खाली वाकून
फरशीवर सांडलेली तंबाखू गोळा केली.
पिवळ्या डब्यात टाकायची की काळ्या,
क्षणभर सुचेना.