एकसष्ट कण

तोराव्हेरेच्या टेकडीवर जानेवारीत
उजेड साडेतीनलाच आवरतं घेतो.
मी दिवा लावत नाही.
पडद्यावरचे ठिपके निवडत बसते, सुपातले खडे निवडावेत तसे:
हा तारा. हे कुणा कृष्णविवराचं जेवण.
ही नुसती यंत्राची खरखर.
टोकदार असेल ते बाजूला.
मला हवा असतो डाग,
ओला पेला उचलल्यावर टेबलावर राहतो तसा,
कडा नसलेला.

यादीतला चारशे सतरावा.
सहा महिन्यांत मिळून एकसष्ट कण.

"एकसष्ट?" एन्द्रिक म्हणाला,
"एवढे थेंब तर माझं छप्पर एका रात्रीत गाळतं."
"तुझे एका बादलीत पडतात," मी म्हटलं,
"हे बघ कसे पांगलेत."

हवा हे किरण खाली येऊ देत नाही,
आपण जगतो ते त्यामुळेच.
म्हणून आरसे वर पाठवायचे:
सोन्याचा मुलामा दिलेली नळकांडी, एकात एक,
कांद्यासारखी.
क्ष-किरणाला समोरून गाठायला गेलं
तर तो आरशात घुसून बसतो.
त्याला तिरकंच घ्यावं लागतं, जेमतेम स्पर्श करून,
प्युहायार्वच्या तळ्यावर आम्ही
चपट्या दगडांच्या भाकऱ्या मारायचो तसं.
एन्द्रिकच्या नऊ व्हायच्या. माझ्या सहा.

शनिवारी सौना.
तो त्याने बांधला तेव्हा आम्ही नवरा-बायको होतो.
पुढे घर वाटून झालं, पुस्तकं झाली, मांजर त्याच्याकडे गेलं.
सौना कसा वाटणार?
लाकडं तो फोडतो, पाणी मी आणते.
तापल्या दगडांवर पळीभर पाणी, की लेइल उठते.
आमच्या भाषेत या वाफेला वेगळा शब्द आहे.
ती दिसत नाही.
कानाच्या पाळ्या सांगतात, आली.

"तिथे सात कोटी अंश," मी म्हणते,
"आणि त्यात उभा राहिलास तर गारठून मरशील."
"एवढी विरळ?"
"घनमीटरला हजारभर कण."
तो भिंतींकडे बघतो. "म्हणजे या खोलीत दहा-बारा हजार."
"आणि तरीही
समूहातल्या सगळ्या दीर्घिका, त्यांतले सगळे तारे
एका पारड्यात घातले,
तर ही वाफ सहापट भरेल."
एन्द्रिक अजून एक पळी ओततो.

अर्ज केला. नाकारला. पुन्हा केला.
चौदा महिन्यांनी दुसऱ्या दुर्बिणीचे
साठ हजार सेकंद वाट्याला आले.
त्यात लोखंडाची रेघ सापडली:
सहा पूर्णांक सातवर असायची ती
चार पूर्णांक दोनवर घसरलेली.
म्हणजे पावणेसहा अब्ज वर्षांची वाट.
निघाली तेव्हा सूर्यही नव्हता.

मग ला पाल्माहून दीर्घिकांचा नकाशा आला.
एक घोळका डावीकडे, एक उजवीकडे.
आणि आमची झळ बरोबर मधोमध,
जिथे एकही दीर्घिका नाही.

"नकाशा सरकलाय," एन्द्रिक म्हणाला.
त्याने रात्रभर तारे जुळवून पाहिले.
पहाटे चार वाजता माझ्या दारावर थाप,
टोपीवर बर्फ, हातात कागद:
"सरकलेला नाही."

दोन समूह एकमेकांतून गेले होते.
दीर्घिका सुटसुटीत, धक्का न लागता निघून गेल्या.
वायू मात्र वायूत अडकला, तापला,
तिथेच राहिला.
मी त्याला कॉफी दिली.
दोघांनीही बराच वेळ काही लिहिलं नाही.

त्या शनिवारी त्याने विचारलं,
"ते घोळके परत फिरतील?"
"गणित म्हणतं, फिरतील. अब्जभर वर्षांत."
"हं," तो म्हणाला. "पाणी संपलंय."

बादली घेऊन बाहेर आले. उणे एकोणीस.
विहिरीच्या दोराला बर्फाची साल.
मागे शेगडीचं लोखंड निवताना टिकटिकत होतं
आणि माझ्या उघड्या खांद्यांवरून
वाफ निघत होती, सगळीकडे,
कुठे संपते ते काही दिसेना.