अंगठा

स्विंडनच्या शाळेतून पत्र आलंय:
मुलीच्या अंगठ्याचा ठसा हवा,
म्हणजे कँटीनची रांग भराभर सरकेल.
'हो'साठी पहिल्याच पानावर चौकोन, ठळक.
'नाही'साठी पान उलटायचं.

मी पान उलटलं.

आमच्या मालूआत्यापुढे बँकेतला कारकून
न बघताच शाईचं पॅड सरकवायचा.
ती अंगठा उठवायची आणि उरलेली शाई
केसांना पुसायची, घाईघाईत,
कुणी काही पाहिलंच नाही अशी.
अंगठेबहाद्दर म्हणायचे तिला, तिचेच दीर.
बावन्नाव्या वर्षी सही शिकली.
'म'ची गाठ सुटायची, 'ल' लोळायचा,
पण त्या दिवशी आम्हा भाचरांना
तिने पेढे वाटले, प्रत्येकी दोन.

आणि आता माझी शर्वाणी,
जिला फ्रेंच येतं, अपूर्णांक येतात,
भाजलेल्या बटाट्यावर बीन्स हवेत म्हणून
अंगठा देणार?

नवरा म्हणाला, तू पण ना.
तुझा फोन कशाने उघडतो?
शेजारच्या प्रिचर्डच्या दारावरची घंटा
आपल्याला रोज कचरा टाकताना बघते,
गाऊनमध्ये.
ओट्यावरचा तो डबा
कुकरच्या शिट्ट्यासुद्धा ऐकतो.

खरं आहे त्याचं.
कणकेचे हात असले की मीच डब्याला विचारते
दीड कप म्हणजे किती ग्रॅम.
भांडायचं असलं की मात्र आधी
त्याची वायर काढते, मग बोलते.
माझी तत्त्वं एवढीच. वायरीएवढी.

तरी पण.
फोन हरवला तर दुसरा घेईन.
पासवर्ड फुटला तर बदलीन,
शेवटी एक उद्गारचिन्ह वाढवून.
तिचा अंगठा कसा बदलू?
तो अजून वाढतोय.
परवापरवापर्यंत तोंडात असायचा.

मिसेस हारग्रीव्हचं उत्तर फार सभ्य होतं.
काहीच हरकत नाही, चार आकडी पिन देऊ.
सभ्यपणात जेवढा गारवा मावतो तेवढा मावला होता.

आता शर्वाणी हळू रांगेत असते.
त्या रांगेत तिघंच:
ती, कुणी एक बेथनी जिचे बाबा माझ्यासारखे,
आणि ओवेन, ज्याच्या बोटांना इसब आहे,
मशीनला त्याचे ठसे वाचताच येत नाहीत.
बटाटा गार होतो, ती म्हणते.
आणि मग, दप्तर न उतरवता:
'फॉर्मवर माझ्या नावाचीही ओळ होती.
मला विचारलंस?'

नव्हतं विचारलं.

'आणि तुझ्या फोनवर मी असते ना,
तो निळा ठिपका. शाळेतून निघाला, बसमध्ये बसला.
तो चालतो तुला?'

तो वेगळा, मी म्हटलं.
कसा वेगळा, ती म्हणाली.
मी कुकरकडे पाहिलं. शिट्टी व्हायची होती.
डब्याची वायर लावलेलीच होती,
तोही गप्प होता.

त्या रात्री ठिपका बंद केला.
डिसेंबरात इथे चारलाच अंधारतं.
मी खिडकीशी उभी, हातात टॉवेल,
तीच दोन भांडी पुन्हा पुन्हा पुसत.
सतरा मिनिटं उशीर.
ती आली, मोजे ओले होते,
मी विचारलं नाही.
(पुढचं वाक्य लिहू की नको असं झालं होतं.)

कारण कँटीनचा हिशेब अजून येतो माझ्याकडे,
तो कसा बंद करायचा ते मी शोधलेलं नाही,
फारसं.
काल रात्री बघितला:
मंगळवारी दोन बटाटे.
बुधवारी दोन.
आज पण.

ती एकच खाते.