चोरकप्पा

'एस्त्रेया' टॉकीजमधली बायकांच्या संडासामागची भिंत
मी फोडली, मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीआधी.
तिथं आता औषधांचं दुकान होणार आहे.
विटांमागं हवेसाठी सोडलेली पोकळी होती
आणि पोकळीत, माझ्या गुडघ्याएवढी,
पाकिटं.

विल्मार म्हणाला, घुशी मेल्या असतील.
घुशी नव्हत्या, चामडं होतं.
कुणीतरी वर्षानुवर्षं इथल्या अंधारात
लोकांचे खिसे हलके केले,
नोटा काढल्या, आणि उरलेलं वरच्या जाळीतून आत सोडलं,
शेंगा खाऊन टरफलं टाकावीत तसं.
एक्केचाळीस. मी दोनदा मोजली.
टपालाच्या पाकिटाला निदान पत्ता असतो.

पैसे सोडून सगळं जिथल्या तिथं.
बसचं तिकीट, ३८२८३, उलटं वाचा, सुलटं वाचा, तेच.
असं तिकीट माँतेविदेओत कुणी फेकत नाही,
नशीब म्हणून जपून ठेवतात
(आणि नशीब हे असं).
सान कोनोचं चित्र, जुगाऱ्यांचा संत, चारी कोपरे झिजलेले.
शिंप्याची पावती: पँट लांब करणे, नग एक.
एकात नुसतीच किल्ली.
एकात काही म्हणजे काहीच नव्हतं,
आणि ते मी सगळ्यात जास्त वेळ हातात धरून बसलो,
का ते विचारू नका.

मुकादमानं नावं रेडिओला कळवली.
बहुतेक नावांची माणसं उरली नव्हती.
गुरुवारी एक बाई आली, साठीची, काखेत थर्मास, हातात मातेचा पेला.
निबिया.
"बाबांचं," म्हणाली. "चौऱ्याहत्तरचा जून. आख्खा पगार होता.
घरी येऊन सांगितलं, सिनेमात पाकीट मारलं.
आई म्हणाली, घोड्यांवर लावलास.
त्या थंडीत आमचं शिलाईमशीन विकलं गेलं.
मग घरात काहीही सापडेनासं झालं, कात्री, मिठाचा डबा,
की आई म्हणायची, पाकीट मारलं असेल कुणीतरी.
आम्ही पोरं हसायचो.
बाबाही हसायचे.
गेले ते तो आळ घेऊनच गेले. आई आहे, एक्याण्णव. अजून म्हणते."

मी पाकीट दिलं.
मांसाच्या कारखान्याचं ओळखपत्र,
त्यावर तिच्याहून वीस वर्षांनी लहान असलेला बाप.
तिनं अंगठ्यानं त्याच्या तोंडावरची धूळ पुसली.
"खरं बोलत होता हा माणूस," म्हणाली. माझ्याकडं बघून नाही.

मग तिचं बोट आपसूक अस्तराखाली गेलं.
शिवणीत लपलेला कप्पा, तिला लहानपणापासून ठाऊक,
त्यातून ती गोळ्यांसाठी नाणं काढायची.
चोरकप्पाच तो, पण चोराला सापडला नव्हता.
आत सिनेमाची तिकिटं. त्याच दिवसाची, दुपारचा खेळ.
ओळ अकरा, खुर्ची सात.
ओळ अकरा, खुर्ची आठ.

बाहेर विल्मार ट्रकमध्ये राबिट भरत होता.
तिनं थर्मासचं झाकण उघडलं, ओतलं काहीच नाही, लावलं.
"एकटाच गेलो होतो, म्हणायचे,"
असं ती भिंतीला म्हणाली,
म्हणजे भिंत होती तिथं.

मग खुर्ची आठ तिनं आपल्या पर्समध्ये ठेवली,
बसच्या कार्डामागं, आणि चेन ओढली.
खुर्ची सात परत कप्प्यात.
"आईला दाखवते," म्हणाली. "आज तरी ऐकेल."

माझ्याकडं वही होती, मुकादमाची,
कुणाला काय दिलं ते लिहायचं, सही घ्यायची.
पाकीट, नग एक. ओळखपत्र, नग एक.
सिनेमाचं तिकीट...
मी पेन वर धरून थांबलो.
"एक," ती म्हणाली.
मी लिहिलं.
आकड्यात, आणि पुढं अक्षरी.